मोकळा आणि मोकाट

मराठीत ‘मोकळा’ आणि ‘मोकाट’ हे दोन शब्द अगदी शेजारी-शेजारी राहतात. केस मोकळे सोडतात, गुरं मोकाट सुटतात. मन मोकळं करावं म्हणतात, आणि पोरगं हाताबाहेर गेलं की ‘मोकाट सुटलंय नुसतं’ म्हणतात. दोरी दोन्हीकडे सुटलेलीच असते. मग फरक कुठे? मला वाटतं तो असा, की मोकळं सोडलेल्याच्या मागे कुणीतरी उभं असतं. काही झालं तर ‘हो, हे माझं’ असं म्हणायला. मोकाटाच्या मागे कुणीच नसतं.

हे सगळं सुचलं ते कुत्र्यांवरून. ‘मोकाट कुत्र्यांचा सुळसुळाट’ ही बातमी आपल्या पेपरांत दर थोड्या दिवसांनी येतेच. आणि आम्ही कुत्री पाळणारी मंडळी रोज सकाळी मैदानावर जाऊन काय करतो? तर पट्टा काढून कुत्र्याला ‘मोकळं’ सोडतो! समोरून काठी टेकत येणाऱ्या आजोबांना यातला फरक कळावा कसा? त्यांना दिसतो तो फक्त अंगावर पळत येणारा कुत्रा.

या एका प्रश्नापायी गेले काही महिने बरंच जुनं-नवं वाचलं. घरच्यांना वाटलं, चिंगीच्या औषधपाण्याचं काहीतरी चाललंय. (चिंगी म्हणजे आमची कुत्री. जात विचारू नका, रस्त्यावरचीच आहे.) वाचता वाचता निघाला तो जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास, आणि तोही आपल्याच मुलखातला. तो आज इथे मांडते. जरा लांबलाय, तेव्हा चहा घेऊन बसा.

*

सुरुवात फार दूरची, पण नाशिकपासून जवळची. प्रवरेच्या काठी श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद नावाचं गाव आहे. तिथे १९७४ साली झुडपाची मुळं खणताना ब्राँझच्या चार मूर्ती सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा, आणि एक बैलांचा रथ. रथात एक माणूस उभा आहे, आणि त्याच्या पुढ्यात रथाच्या दांड्यावर चक्क एक कुत्रा! या मूर्तींच्या वयाबद्दल जाणकारांत मतभेद आहेत, पण बरेच जण त्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. इतकी जुनी ही जोडी. माणूस निघाला की कुत्रंही निघालं.

देवांकडेही तेच. गोदाघाटावर एकमुखी दत्ताचं देऊळ आहे, तिथे आजी आम्हाला लहानपणी न्यायची. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, ते चार वेद, असं ती सांगायची. आमच्या देवघरातल्या तसबिरीत त्या चारांपैकी एकाच्याही गळ्यात पट्टा नाही. देवळालीच्या खंडोबाच्या टेकडीवर गेलं तर तिथेही कुत्रा आहेच, खंडोबाच्या घोड्याबरोबर. आणि वाघ्ये तर स्वतःलाच देवाचा कुत्रा म्हणवून घेत, भुंकत, कोटंबा जमिनीवर ठेवून त्यातलं खात. पोळी पळवून नेणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर सगळ्यांनाच ठाऊक आहेत. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं असं सांगतात.

गावात कुत्रं कुणा एकाचं नसायचं. सिन्नरकडच्या आमच्या आजोळी ओसरीवर एक काळं कुत्रं बसायचं. ते आमचं होतं का? तर होतंही आणि नव्हतंही. चतकोर भाकरी आमच्याकडे, दुसरी शेजारी, रात्री राखण सगळ्या आळीची. पट्टा नाही, साखळी नाही. अख्खी आळी त्याला ओळखायची आणि ते अख्ख्या आळीला. म्हणजे ते मोकळं होतं, मोकाट नव्हतं. त्याची जबाबदारी आळीत वाटली गेली होती, इतकंच.

पण या चित्रावर फार भाळायला नको. कुत्रं पिसाळलं, की त्याच आळीतले लोक काठ्या घेऊन धावायचे. आणि ज्याला ते चावलं असेल, त्याच्यासाठी मांत्रिकाखेरीज काही नसायचं. सगळ्यांची मिळून असलेली जबाबदारी नेमक्या अडचणीच्या वेळी कुणाचीच नसते, हेही खरं.

पट्टा तेव्हा होता तो वेगळ्याच कामासाठी. हिमालयातले मेंढपाळ आजही आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा घालतात. बिबट्या पहिल्यांदा नरडं धरतो, म्हणून. म्हणजे पट्ट्याचं मूळ काम कुत्र्याला अडकवण्याचं नव्हतं, वाचवण्याचं होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

*

पट्ट्याला दुसरा अर्थ आला तो शहरात, आणि त्यासाठी मुंबईला जावं लागतं.

साल १८३२. मुंबईत इंग्रजांचं राज्य. पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती होती आणि ती खोटी नव्हती. म्हणून वर्षातल्या काही ठरावीक दिवसांत बेवारशी कुत्री मारण्याचा नियम आधीपासूनच होता. त्या वर्षी मॅजिस्ट्रेटने ती मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली. एका कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. आठ आणे म्हणजे तेव्हा मोठी रक्कम! मग व्हायचं तेच झालं. कुत्री पकडणारे लोक बेवारशी आणि पाळीव असा फरक कशाला करतील? घराच्या आवारातून, ओट्यावरून कुत्री ओढून नेल्याच्या तक्रारी आल्या.

६ जून १८३२ हा पारशी लोकांचा पवित्र दिवस होता. त्यांच्या धर्मात कुत्र्याला मोठं स्थान आहे. अंत्यविधीच्या वेळी प्रेतावर कुत्र्याची दृष्टी पडावी लागते, त्याला सगदीद म्हणतात. त्या दिवशी फोर्टात कुत्री मारणाऱ्या शिपायांवर पारशी जमाव चालून गेला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. त्या बंदात हिंदू, जैन, इस्माइलीही सामील झाले. लष्कराच्या छावणीला जाणारं सामान अडलं. शेवटी सैन्य आलं, धरपकड झाली. मुंबईच्या इतिहासात ही ‘कुत्र्यांची दंगल’ म्हणून नोंदली गेली आहे.

मला यातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो तो दंगल शमल्यानंतरचा. जमशेटजी जीजीभाई आणि इतर शेठ मंडळींनी सरकारला अर्ज केला, की कुत्री मारू नका, शहराबाहेर हलवा. नुसता अर्ज करून ते थांबले नाहीत. १८३४ मध्ये जमशेटजी आणि मोतीचंद अमीचंद (म्हणजे मोतीशा शेठ) यांनी मुंबईचा पांजरापोळ सुरू केला. ‘मारू नका’ म्हणणाऱ्यांनी ‘मग सांभाळणार कोण?’ या प्रश्नाचं उत्तर स्वतःच्या पैशाने दिलं. आज कुत्र्यांच्या बाजूने किंवा विरुद्ध तावातावाने बोलताना आपण हे विसरतो.

या सगळ्यातून शहराने एक धडा मात्र घेतला. कुत्र्यांचे दोन प्रकार, मालक असलेला आणि नसलेला. आणि ते ओळखायचे कसे? तर गळ्याकडे बघून. पुढच्या काळातल्या नगरपालिकांच्या कायद्यांत हाच धागा दिसतो. पट्टा किंवा मालकीची खूण नसलेला कुत्रा रस्त्यात दिसला, की पकडायचा आणि मारायचा. म्हणजे पट्टा ही झाली पावती. ‘याचा मालक आहे, याला हात लावू नका.’ मेंढपाळाच्या खिळ्यांच्या पट्ट्यासारखाच हाही जीव वाचवणारा पट्टा. फक्त बिबट्याऐवजी माणसापासून.

पावती आली की पैसे आलेच! आपल्या नाशिक महापालिकेला (स्थापना १९८२) लागू असलेला जो १९४९ चा महापालिका कायदा आहे, त्यात महापालिकेला बसवता येणाऱ्या करांच्या यादीत कुत्र्यांवरचा कर चक्क नाट्यगृह कराच्या पंगतीला बसला आहे. :)

आणि पावती आली की जबाबदारीही आली. १८६० च्या दंडविधानाच्या कलम २८९ नुसार, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात हेच कलम २९१ झालं आणि दंडाची मर्यादा पाच हजार झाली. १९५१ च्या आपल्या राज्याच्या पोलीस कायद्यात तर स्पष्टच आहे, की उग्र कुत्रा मुसकं न घालता सार्वजनिक जागी मोकळा सोडायचा नाही आणि कुत्रा कुणाच्या अंगावर सोडायचा नाही. म्हणजे ‘माझा कुत्रा आहे, मी बघीन’ हे वाक्य कायदा अगदी शब्दशः घेतो. बघा मग.

*

आता त्या भीतीबद्दल. ती समजून घेतल्याशिवाय मैदानाचा प्रश्न कळणार नाही.

जुलै १८८५ मध्ये पॅरिसमध्ये लुई पाश्चरने कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या योसेफ माइस्टरला पहिल्यांदा रेबीजची लस टोचली. भारतात १९०० साली कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट आली. तिथे डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूपासून करायची लस तयार केली आणि पुढे नव्वदेक वर्षं आपल्याकडे तीच चालली. पोटात चौदा इंजेक्शनं, ती हीच. काही लोकांना तिच्यामुळे लकव्यासारखा त्रासही व्हायचा. २००४ च्या अखेरीस ती भारतात बंद झाली. आता नव्या लशीची चार-पाच इंजेक्शनं दंडात घेतली की काम होतं. (आणि हे सगळ्यांनी पाठ करून ठेवा. कुत्रा चावला किंवा ओरखडला की आधी साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली जखम धुवायची. हळद नाही, चुना नाही, तिखट तर नाहीच. मग लगेच दवाखाना.)

माझ्या थोरल्या आत्याने ती चौदा इंजेक्शनं घेतलेली आहेत. साठच्या दशकातली गोष्ट, तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची. भद्रकालीतून शाळेत जाताना कुत्रा चावला. चौदा दिवस रोज सरकारी दवाखाना. आजोबा सायकलवरून न्यायचे. ती सांगते, की चावल्याचं फार आठवत नाही, पण सकाळी सायकलची घंटी वाजली की पोटात गोळा यायचा, तो अजून येतो. आज ती सत्तरीच्या पुढे आहे. कुत्रा दिसला की रस्ता ओलांडते. पट्टा असलेला, नसलेला, पिल्लू, म्हातारा, सगळे सारखे.

रेबीज संपलेला नाही. भारतात दरवर्षी सुमारे ५,७०० माणसं त्याने जातात असा अंदाज अलीकडच्या एका मोठ्या देशव्यापी पाहणीतून आला आहे. आधी वीस हजारांचा आकडा सांगितला जायचा. म्हणजे कमी झाला असेल, पण एकदा लक्षणं दिसली की जवळजवळ कुणीच वाचत नाही. तेव्हा आत्याची भीती ही अडाण्याची भीती नाही. तिला कारण आहे.

मारून हा प्रश्न सुटत नाही हे मात्र शहरांना हळूहळू कळलं. नव्वदच्या दशकात मुंबईने मारणं थांबवून नसबंदी सुरू केली. डिसेंबर २००१ मध्ये देशभरासाठी नियम आले. कुत्र्याची नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि होतं तिथेच सोडायचं. २०२३ मध्ये त्या जागी नवे नियम आले, पद्धत तीच. रस्त्यावरच्या ज्या कुत्र्याच्या कानाला खाच दिसते ना, ती याची खूण. गळ्यातली पावती आता कानावर गेली म्हणायची. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याच विषयावर किती वळणं आली ते तुम्ही वाचलंच असेल. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातली सगळी कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आदेश, २२ ऑगस्टला त्यात बदल, आणि ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बस स्थानकं, रेल्वे स्टेशनं आणि क्रीडासंकुलं यांच्या आवारातून कुत्री हलवायला सांगणारा आदेश. १८३२ मधला तोच प्रश्न, कोर्ट तेवढं बदललं. कुठली जागा कुणाची?

*

या प्रश्नाला जगात काही ठिकाणी एक साधं उत्तर सापडलं आहे. कुंपण घाला!

अमेरिकेत बर्कली इथे १९७९ मध्ये कुत्र्यांना मोकळं सोडण्यासाठी वेगळी राखलेली बाग सुरू झाली. अशा बागांमधली ती पहिली मानतात. आपल्या देशात हैदराबादच्या महापालिकेने २०१८ मध्ये कोंडापूरला सुमारे सव्वा एकरावर कुत्र्यांचं उद्यान केलं, तेही पूर्वी कचरा पडायचा त्या जागेवर.

या जागा चालतात कशा, ते बघण्यासारखं आहे. दोन फाटकं असतात. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, म्हणजे कुत्रा रस्त्यावर निसटत नाही. लहान आणि मोठ्या कुत्र्यांना वेगळे भाग असतात. पट्टा काढायचा तो दोन फाटकांच्या मधे. कारण बाकीचे मोकळे आणि एकटाच बांधलेला असला की त्या कुत्र्याला पळता येत नाही, मग तो घाबरून चावतो. माजावर आलेली कुत्री आणायची नाही. खाऊ आणि लाडकं खेळणं आणायचं नाही, भांडणं त्यावरूनच होतात. लशी पूर्ण न झालेलं पिल्लू आणायचं नाही. घाण ज्याची त्याने उचलायची. आणि मालकाने आतच थांबायचं.

पिल्लाचं आणि घाणीचं एवढं कशासाठी? तर पार्वो. हा कुत्र्यांचा विषाणू १९७८ च्या सुमारास उगवला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. म्हणजे पहिली बाग आणि हा रोग साधारण एकाच वेळचे! तो विष्ठेतून पसरतो आणि मातीत कित्येक महिने टिकून राहतो. आज आजारी कुत्र्याची घाण मैदानात पडली तर पावसाळ्यानंतर तिथे हुंगणारं पिल्लू जाऊ शकतं. शिवाय कुत्र्याच्या पोटातले जंत मातीतून अनवाणी खेळणाऱ्या पोरांच्या कातडीत शिरतात. म्हणून ती कागदाची घडी आणि पिशवी. मुंबईने २००६ च्या स्वच्छता उपविधींत यासाठी ५०० रुपये दंड ठेवला, न्यूयॉर्कने १९७८ मध्येच कायदा केला. लाज वाटण्यासारखं यात काही नाही. गोठ्यातलं शेण उचलताना आपल्या आज्यांना कुठे लाज वाटत होती?

*

आता घरच्या मैदानावर येते.

नाशिकच्या जुन्या लोकांना मोकळी जागा म्हटलं की गोल्फ क्लब आठवतो. नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण गोल्फ खेळणारे साहेब जाऊन इतकी वर्षं झाली तरी आपण म्हणतो गोल्फ क्लबच. तिथे चालणारे, पळणारे, क्रिकेटवाले, सगळे येतात. एका मैदानावर किती जणांचा हक्क असतो ते तिथे सकाळी सहाला जाऊन बघावं. नव्या वस्त्यांत त्याची छोटी आवृत्ती म्हणजे ‘ओपन स्पेस’. लेआउट मंजूर करताना दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते, ती ही. दोन बाकडी, एक घसरगुंडी, थोडं गवत. आमच्या कॉलनीतल्या अशाच जागेवर आम्ही सहा-सात जण कुत्री घेऊन जातो.

मागच्या थंडीत तिथे एका मोठ्या कुत्र्याने धावत येऊन पाच वर्षांच्या मुलाला पाडलं. चावला नाही, खेळतच होता. पण मुलाच्या हनुवटीला टाके पडले. मालक लांबून, फोनवर बोलत बोलत, म्हणाले, “घाबरू नका हो, तो काही करत नाही!” हे वाक्य मी आजवर किती वेळा ऐकलंय. त्यात कुत्र्याबद्दलची सगळी माहिती असते आणि समोरच्या माणसाबद्दल काहीच नसते. आठवड्याभरात फाटकावर पाटी लागली, ‘कुत्र्यांना सक्त मनाई’. पट्ट्याने फिरवायलाही बंदी! एक बेफिकीर, आणि दंड सगळ्यांना. आठ आण्यांच्या त्या माणसांसारखंच हे, मोकळा कोण आणि मोकाट कोण हे बघायला कुणाला वेळ नव्हता.

सोसायटीच्या बैठकीत दोन्हीकडून बराच आवाज झाला. आमच्यातला एक जण म्हणाला, की पशू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार पाळीव कुत्र्यांवर अशी सरसकट बंदी घालता येत नाही. बरोबर आहे. पण सार्वजनिक जागी कुत्रा पट्ट्यात ठेवा आणि घाण उचला, हेही त्याच सूचना सांगतात. तो भाग वाचायला तो विसरला होता, तो मी वाचून दाखवला. म्हणजे कुंपण असलेली राखीव जागा नसेल तर पट्टा सोडणं हा आपला हक्क नाही. बाकीच्यांनी ‘चालेल’ म्हटलं तरच ते करता येतं.

तोडगा निघाला तो आत्याकडून. ती समोरच्याच इमारतीत राहते, आणि बैठकीला आली होती ती बंदीच्या बाजूने. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, “सकाळी सहा ते सात यांनी न्यावीत. मी सातनंतर जाईन. पण सात म्हणजे सात.” आणि मग माझ्याकडे वळून, “आणि तुझ्या चिंगीच्या गळ्यात नसेल ना, तर तुझ्या हातात तरी दिसू दे गं तो पट्टा. म्हणजे मला कळेल कुणाची आहे.”

इतके महिने वाचून मला जे नीट मांडता येत नव्हतं, ते आत्याने एका वाक्यात सांगितलं. पट्टा सुटतो तेव्हा पावती नाहीशी होत नाही, कुत्र्याच्या गळ्यातून माणसाच्या हातात येते.

आता आमचे नियम ठरलेत. नवं काही नाही, वरच्या इतिहासातूनच आलेले आहेत. लशीचं कार्ड दाखवल्याशिवाय पट्टा सोडायचा नाही. ज्या कुत्र्याला हाक मारली की ते परत येतं, खेळात रंगलेलं असतानाही येतं, त्यालाच सोडायचं. बाकीच्यांनी आधी तीस-चाळीस फुटी दोरीवर सराव करायचा. (चिंगीला तीन महिने लागले.) आत शिरताना आधी मैदान बघायचं. लहान मूल, म्हातारं माणूस किंवा नवा चेहरा दिसला की पट्टा परत गळ्यात, त्यांनी सांगायची वाट बघायची नाही. फोन खिशात. आणि कोपऱ्यातल्या आंब्याखाली जी दोन खाचवाली कुत्री राहतात, ती आमच्या आधीपासून तिथली आहेत. त्यांच्या अंगावर आपली सोडायची नाहीत. जागा त्यांचीही आहे, उलट भांडण लागलं तर बदनाम तीच होतात.

एक नियम खास नाशिकचा. उजाडल्याशिवाय सोडायचं नाही. जानेवारी २०१९ मध्ये गंगापूर रोडला सावरकरनगरात बिबट्या शिरला होता ते आठवतंय ना? आपल्या शेजारच्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या खाण्यात वजनाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. आपल्याकडे खिळ्यांचा पट्टा नाही. उजेड आणि सोबत एवढंच आहे.

पाटी निघाली. पूर्ण नाही, खाली वेळ लिहिली गेली. मुलाला पाडणारा कुत्राही येतो, दोरीवर. त्याचे मालक आता फोन घरी ठेवून येतात. सगळं गोड झालंय असं नाही. दोन घरं अजून नाराज आहेत आणि एखाद्याने पिशवी विसरली की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलणी बसतात. ते बरोबरच आहे असं मला वाटतं. ही एक तासाची सवलत आहे आणि ती रोज सकाळी नव्याने कमवावी लागते.

१८३२ च्या त्या गोष्टीत मला दंगलीपेक्षा पांजरापोळ मोठा वाटतो तो यामुळेच. ‘आमच्या कुत्र्यांना हात लावू नका’ असं म्हणणं सोपं असतं. ‘ती आमची आहेत, त्यांचं काय ते आम्ही बघतो’ हे म्हणून ते वर्षानुवर्षं निभावणं अवघड. मोकळं सोडण्याचा हक्क तेवढ्यानेच मिळतो, कुत्र्याच्या बाबतीत तरी नक्की.

असो. पुण्या-मुंबईकडच्या आणि परदेशातल्या मंडळींनो, तुमच्याकडे अशा जागा आहेत का, आणि तिथे भांडणं कशी मिटतात, ते जरूर कळवा. आणि नाशिककर नातेवाइकांनो, पुढच्या वेळी आमच्याकडे याल तेव्हा चिंगीची भीती वाटत असेल तर संकोच न करता सांगा. ‘ती काही करत नाही’ असं मी म्हणणार नाही. आधी तिला बांधीन, मग चहा टाकीन.